मंगळवारी सकाळी साडेपाचला तुमच्या घरात काय चालू असतं?

परवाच्या रविवारी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर आमच्या रनिंग ग्रुपमधे एक नवीन गृहस्थ आले. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, घडी न मोडलेला कोरा टीशर्ट, मनगटावर माझ्या महिन्याच्या किराण्याहून महाग घड्याळ. पाऊस भुरभुरत होता, खाली सगळा चिखल, आमची मंडळी झाडाखाली उभी राहून बूट झटकत होती. आल्या आल्या म्हणाले, "ताई, जानेवारीत मुंबई हाफ मॅरेथॉन करायचीय. दोन तासांच्या आत. प्लॅन पाठवा, तंतोतंत फॉलो करीन."

मी म्हटलं, "प्लॅन देते की. आधी एक सांगा, मंगळवारी सकाळी साडेपाचला तुमच्या घरात काय चालू असतं?"

ते हसले. "म्हणजे?"

"म्हणजे कोण उठलेलं असतं, कोण झोपलेलं असतं, दिवा कुठल्या खोलीत लागलेला असतो, तुम्ही कुठे असता."

"मी झोपलेलो असतो." मग जरा थांबून, "बहुतेक. बायको उठलेली असते. बघून सांगतो."

बघून सांगतो म्हणाले हे मला फार आवडलं, कारण बरेच जण तिथल्या तिथे काहीतरी ठोकून देतात, "काही नाही हो, सकाळी मी फ्रीच असतो." सकाळी फ्री असलेला संसारी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मला रनिंग शिकवायला लागून आता नऊ वर्षं होतील. आधी मी स्वतःच पळायचे, मग सोसायटीतल्या दोघी सोबत यायला लागल्या, मग त्यांच्या ऑफिसातले, असं करत करत कधी कोच झाले कळलं नाही. हे सगळं लिहायला बसले कारण गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने, ती डाएटचं बघते, फोन करून वैतागून विचारलं की अगं माझे क्लायंट तिसऱ्या आठवड्यात गळतात, तुझे कसे टिकतात. माझेही गळायचे. पहिली दोन वर्षं तर रांगेने गळले. तेव्हा मी काय करायचे आणि आता काय करते ते लिहिते, तुम्ही डाएटचं बघत असा, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मार्गदर्शन करत असा नाहीतर ऑफिसात कोचिंग करत असा, रनिंगच्या जागी तुमचं काय ते घाला.

तर तेव्हा मी एक्सेल बनवायचे. सोळा आठवड्यांचा रंगीत तक्ता, हिरवा म्हणजे इझी, आरामात पळायचं, पिवळा म्हणजे टेम्पो, जरा नेटाने, लाल म्हणजे लाँग रन, लांबचं पळणं, रविवारच्या खान्यात ८, १०, १२, मग जरा उतार, मग १४, १६. लोक बघून खूश व्हायचे, फ्रीजवर लावायचे, स्टेटसला टाकायचे. आणि चौथ्या आठवड्यात निम्मे गायब. मला वाटायचं यांच्यात जिद्दच नाही. हे वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलंय त्याची आता लाज वाटते, कारण तक्त्यात सगळं होतं, फक्त ज्याच्यासाठी तक्ता होता त्या माणसाचा आठवडा कुठेच नव्हता.

मधे एका वीकेंडला मी कोचिंगचा एक कोर्स पण केला, चांगले पैसे मोजून. तिथे स्मार्ट गोल शिकवले, म्हणजे ध्येय कसं असावं ते इंग्रजी SMART च्या पाच अक्षरांत, एस म्हणजे हे आणि एम म्हणजे ते, सर्टिफिकेट दिलं, फोटो काढला, घरी पाठवलं. कोर्सला नावं ठेवत नाही, माझंच अर्धवट राहिलं. पुढे कधीतरी कळलं की हे स्मार्ट प्रकरण १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या माणसाने एका मॅनेजमेंटच्या मासिकात लिहिलं होतं, आणि त्याच्या मूळ लेखात ए म्हणजे आपल्याला शिकवतात तसं 'अचीव्हेबल' नव्हतंच. ते होतं 'असाइनेबल'. म्हणजे काम कुणाच्या गळ्यात आहे, कोण करणार. त्याचं सगळं कंपन्यांसाठी होतं त्यामुळे त्याला ते सरळच सुचलं असणार, पण मला घरच्या बाबतीत या एका अक्षराने जेवढं दिलं तेवढं बाकीच्या चार अक्षरांनी मिळून दिलं नाही. ते कसं ते सांगते.

माझ्याकडे एक मॅडम होत्या, बँकेत ऑफिसर, पंचेचाळिशीच्या. त्यांनाही हाफच करायची होती. त्यांचा मंगळवार आणि गुरुवार सकाळचा रन दर आठवड्याला चुकायचा. रविवारी बरोब्बर हजर, शनिवारीही, पण मंगळ-गुरू शून्य. जुनी मी असते तर ग्रुपवर एखादी जोशपूर्ण इमेज टाकली असती. तोपर्यंत जरा अक्कल आलेली, म्हणून एका रविवारी पोहे खाताना त्यांना कागद दिला आणि म्हटलं, मंगळवार लिहा, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचा, जसा असतो तसा. त्यांनी लिहिलं. पावणेसहा ते पावणेसात: पाणी.

आता पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. त्यांच्या गल्लीत तेवढाच तास पाणी यायचं, मोटर लावायची, टाकी, पिंप, हंडे, मधे प्रेशर गेलं तर परत. शनिवार-रविवार मुलगा घरी असायचा तो बघायचा, मधल्या वारी तो हॉस्टेलला. म्हणजे मी तक्त्यात लिहिलेला हिरव्या रंगाचा '५ किमी इझी' थेट त्यांच्या पाण्यावर येऊन बसला होता, आणि मी सहा आठवडे त्यांच्या जिद्दीचा विचार करत होते.

मी विचारलं, "साहेब घरी असतात ना त्या वेळी?"

"असतात. पण त्यांना नाही जमत ते."

"त्यांना विचारलंय?"

इथे मी गप्प बसले. हे गप्प बसणं मला अजूनही जड जातं, मी मुळात बडबडी, पण तेव्हा बसले. चहा निवला. मग त्या म्हणाल्या, "विचारलं नाही कधी." आणि स्वतःच हसायला लागल्या, "वीस वर्षांत नाही विचारलं."

पुढच्या मंगळवारी साहेबांनी पाणी भरलं. टाकी ओसंडून वाहिली, खालच्या काकूंची वाळत घातलेली कुरडई भिजली, सोसायटीत बोंबाबोंब. पण मॅडमचे ५ किमी झाले. तिसऱ्या मंगळवारपर्यंत साहेबांना मोटरचा अंदाज आला. मी या सगळ्यात त्यांना रनिंगचं एक अक्षर शिकवलं नाही, फक्त एक कागद दिला आणि दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं.

तेव्हापासून नवीन कुणी आलं की पहिल्या आठवड्यात पळणं कमी आणि हा कागद जास्त. ध्येय वगैरे सगळं नंतर. ध्येय रविवारचं असतं, नवं टीशर्ट घालून येतं, पण ते मोडतं मंगळवारी. सोमवारी अजून रविवारची हवा असते, बुधवारनंतर लोक "आता सोमवारपासून" म्हणायला मोकळे होतात. हे माझं निरीक्षण, याला कुठला अभ्यासबिभ्यास नाही.

ज्याला अभ्यास आहे असं एक सांगते. पीटर गॉलवित्झर नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं असं की 'मी व्यायाम करीन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'जर अमुक झालं, तर मी तमुक करीन' असं ठरवलं की माणूस ते करण्याची शक्यता बरीच वाढते. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, फरक चांगलाच पडत होता. कारणही साधं आहे, पहाटे अर्धवट झोपेत निर्णय घ्यायचा नसतो, तो आधीच घेऊन ठेवलेला असतो, घड्याळ वाजलं की फक्त पुढचं पाऊल. आपल्याला तर हे वेगळं शिकायलाही नको, जर-तर आपल्या व्याकरणातच बसलेलं आहे, शाळेत त्याची वाक्यं पाडून झालीयेत.

पण यातही लोक गफलत करतात आणि मीही केली. मी जर-तर स्वतः लिहून द्यायचे. "जर अलार्म वाजला, तर लगेच उठीन." हे जर-तर नाही, ही नुसती इच्छा आहे, तिला शेपटी लावलीये. खरं जर म्हणजे त्या माणसाचा नेहमीचा खड्डा पाहिजे. आमच्याकडे एक आयटीवाला आहे, त्याचे अमेरिकेशी कॉल असतात, झोपायला कधी साडेअकरा कधी एक. तो कधी पळायचा कधी नाही आणि नाही पळाला की दिवसभर स्वतःला शिव्या घालायचा. त्याने स्वतः बनवलेलं जर-तर असं: "जर बारानंतर झोपलो, तर सकाळी पळायचं नाही, शूज घालून कुत्र्याला वीस मिनिटं फिरवायचं आणि पळणं संध्याकाळी सात वाजता, डब्याची पिशवी गाडीत ठेवायच्या आधी." डब्याची पिशवी मला आयुष्यात सुचली नसती. ती त्याची आहे म्हणूनच चालली. मी एवढंच करते की त्यांना ते स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट करून मला पाठवायला सांगते, टाइप नाही करायचं. टाइप करताना माणूस शहाण्यासारखं लिहितो, बोलताना अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथे प्लॅन कच्चा आहे हे मला ऐकू येतं.

याच आयटीवाल्याबरोबरचं अजून एक. मधे त्याचं सगळंच ढिलं पडलं होतं. फोनवर म्हणाला, "ताई सोडूनच देतो वाटतं." मी विचारलं, "एक ते दहा मधे सांग, हाफ करणं आत्ता तुझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे?"

"चार."

आता इथे प्रत्येक कोचच्या जिभेवर एकच प्रश्न येतो, फक्त चार का? आठ का नाही? आणि तो विचारला की समोरचा कारणं द्यायला लागतो, कामाचं प्रेशर, झोप, पाऊस, आई आजारी. आणि आपणच बोललेली कारणं आपल्यालाच पटत जातात. तर उलटं विचारायचं.

"चार का? दोन का नाही?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं कॉल कट झाला. मग म्हणाला, "दोन नाही, कारण... बाबांना पन्नासाव्या वर्षी अटॅक आला ना. मी अडतीसचा आहे." मग परत गप्प. "आणि रविवारी तिथे आलो की बरं वाटतं यार. ऑफिसात मला कुणी विचारत नाही झोप झाली का."

मी काही मोटिव्हेशन दिलं नाही. एवढंच म्हटलं, चाराचं पाच व्हायला या आठवड्यात काय लागेल? तो म्हणाला, एक रन. एकच. झालं.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी १९८३ च्या सुमारास दारूच्या व्यसनातल्या लोकांशी कसं बोलावं यावर काम सुरू केलं, पुढे स्टीफन रोलनिक त्यांच्याबरोबर आले, त्यांच्या पद्धतीत हा प्रश्न आहे. मुद्दा असा की बदलाच्या बाजूने वकिली आपण केली की समोरचा आपोआप विरुद्ध बाजूचा वकील होतो. आपल्या घरात वयात आलेला मुलगा असेल तर हे वेगळं सांगायला नको. वकिली त्यालाच करू द्यायची.

मी एकदा एका क्लायंटची परवानगी घेऊन आमचा अर्ध्या तासाचा कॉल रेकॉर्ड केला आणि घड्याळ लावून ऐकला. तीस मिनिटांत मी बावीस मिनिटं बोलत होते! बावीस! आणि त्यातली दहा मिनिटं मी माझ्या पहिल्या मॅरेथॉनची गोष्ट सांगत होते जी त्या बाईंनी विचारलीही नव्हती. तुम्ही कोच असाल तर एकदा हे करून बघाच, जेवण जात नाही दोन दिवस.

बरं, आता काकांचं. काका अठ्ठावन्न वर्षांचे, शुगर, गोळ्या चालू. त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, त्यांच्या डोक्यात मात्र १० किमी पळायचं. अशा वेळी मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागते, त्यात मस्करी नाही, गोळ्यांच्या वेळा आणि पळणं यांचं गणित डॉक्टरांनीच घालायचं, माझं काम खिशात ग्लुकोज आहे का बघण्यापुरतं. चिठ्ठी आली, काका आले, आणि दोन आठवड्यांत बंद.

त्या सुमारास मी गाब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञांचं काम वाचत होते. या बाईंनी वर्षानुवर्षं हे तपासलंय की नुसती गोड स्वप्नं रंगवल्याने काय होतं. १९९१ साली त्यांनी वजन कमी करायला आलेल्या बायकांवर अभ्यास केला, त्यात ज्या बायका आपण बारीक झालोय असं छान छान कल्पनाचित्र रंगवत होत्या त्यांचं वजन उलट इतरांपेक्षा कमीच घटलं होतं. डोळे मिटा आणि मेडल गळ्यात पडतंय असं बघा, हे मी पण सांगायचे हो लोकांना, झाडाखाली बसवून. त्या म्हणतात स्वप्न बघा, पण लगेच पुढचा प्रश्न विचारा, आड काय येतंय? आणि तेही बाहेरचं नाही, आतलं.

काकांना फोन केला. आड काय येतं विचारलं तर पाऊस, गुडघा, नातवाची शाळा. मी म्हटलं, काका हे बाहेरचं झालं, आतलं सांगा. उगाच खाकरले. मग म्हणाले, "अहो ताई, तिथे सगळे पळतात आणि मी मधेच चालायला लागतो. परवा माझ्याच बँकेतला एक ज्युनिअर भेटला. म्हणाला, सर दमलात का?"

एवढंच होतं. गुडघा नव्हता, पाऊस नव्हता, ज्युनिअर होता.

मग मी त्यांना जेफ गॅलोवेंबद्दल सांगितलं. हे गृहस्थ १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधे १०,००० मीटर पळालेले, आणि त्यांनीच पुढे लोकांना पळा-चाला-पळा शिकवलं, दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच ठरवून चालायचं. आमचं ठरलं दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, पहिल्या मिनिटापासून. काकांना घड्याळात बीप लावून दिला. फरक लक्षात घ्या, आधी काका चालायचे ते हरल्यासारखे, आता बीप वाजला म्हणून चालायचे. पुढे तो ज्युनिअर परत भेटला तेव्हा काकांनी त्याला म्हणे उभं करून दहा मिनिटं इंटरव्हल या विषयावर लेक्चर दिलं. बिचारा.

जाता जाता पेसचं, म्हणजे पळायच्या वेगाचं सांगते, कारण नवीन माणसाला सगळ्यात जास्त नडतं ते हेच. सगळे फार जोरात पळतात. इझी म्हटलं तरी जोरात. न्यूझीलंडचा कोच आर्थर लिडियार्ड, ज्याच्या पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग या दोन चेल्यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधे एकाच दिवशी सुवर्णपदकं घेतली, तोसुद्धा भरपूर किलोमीटर बोलता येईल अशा दमाने पळवायचा. सगळीकडे याला टॉक टेस्ट म्हणतात. मी म्हणते, सतराचा पाढा. पळता पळता मोठ्याने म्हणा. सतरा चोक अडुसष्टपर्यंत सगळे जातात, सतरा सत्तेला श्वास तुटला तर स्लो करा. यात दोन गोष्टी होतात, एक म्हणजे वेग उतरतो आणि दुसरं म्हणजे लोक हसतात. इंग्रजी मीडियमवाल्यांची पंचाईत होते, त्यांना सेव्हन्टीन वन्झा म्हणायची मुभा आहे. घड्याळातल्या हार्ट रेट झोनपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं, निदान सुरुवातीच्या सहा महिन्यांत तरी.

आता जे सांगायचं टाळत होते ते.

चार वर्षांपूर्वी ग्रुपवर मी एक चार्ट टाकायला लागले होते. कुणाचे आठवड्यात किती किमी, सलग किती दिवस. वर पहिल्या तिघांना मुकुटाची इमोजी. मला वाटलं भारी चाललंय, मेसेजेसचा पाऊस, एकमेकांना टाळ्या. त्यात एक मुलगी होती, तिशीतली, शांत, तिचा सलग चव्वेचाळिसावा का पंचेचाळिसावा दिवस चालू होता. तिने एकदा मला विचारलं, "ताई नडगी जरा दुखतेय." मी विचारलं, "खूप दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही, तसं नाही." मी म्हटलं, "मग इझी कर आज, स्ट्रीक तुटू देऊ नकोस." हे शब्द माझे आहेत, फोनमधे अजून आहेत. दहा-बारा दिवसांनी एमआरआय, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा. अडीच महिने पळणं बंद. तिने मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

चार्ट त्याच दिवशी काढला. आणि दोन गोष्टी कायमच्या बदलल्या. एक म्हणजे 'दुखतंय का' हा प्रश्न बंद. या प्रश्नाला मराठी माणूस 'नाही' असंच म्हणतो, बाळंतपणाच्या कळा येत असल्या तरी म्हणेल. त्याऐवजी विचारते, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पाच पावलांत कुठे काय जाणवतं? जिना उतरताना कुठला पाय आधी टाकता? पळायला लागल्यावर दुखणं कमी होत जातं की वाढत जातं? बोटाने दाखवा, एका बोटाने जागा दाखवता येते की अख्खा हात फिरवावा लागतो? हाडावर एका बोटाची जागा दाखवली की पळणं तिथेच थांबवायचं आणि ऑर्थोकडे पाठवायचं. यात माझी हुशारी चालवायची नाही. असंच झोपेचं आणि मनाचं पण, कुणी फोनवर रडायला लागलं, आठवडे आठवडे झोप नाही म्हणालं, तर मी रनिंग कोच आहे हे मला लक्षात ठेवावं लागतं. ऐकते, आणि नीट माणसाकडे पाठवते.

दुसरं म्हणजे सलग दिवसांचं खूळ डोक्यातून काढलं. एकवीस दिवसांत सवय लागते असं ते फॉरवर्ड फिरतं ना, ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे पाहिलं होतं, २००९ साली आलं ते, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात अंतर केवढं तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणि मला ज्याने सगळ्यात धीर दिला ते म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं काही बिघडत नव्हतं. म्हणजे त्या मुलीने त्या दिवशी सुट्टी घेतली असती तर सवयीचं काही वाकडं होणार नव्हतं, हाड मात्र वाचलं असतं.

त्यामुळे आता आमच्याकडे चुकलेला रन चुकला. भरपाई नाही. मंगळवारचे ५ बुधवारच्या ६ मधे घालून ११ करायचे नाहीत, मंगळवार गेला तो गेला. हे लोकांना मनापासून पटत नाही, आपल्याकडे उधारी ठेवायची सवय नाही ना, चांगल्या घरच्यांना तर नाहीच. पण भरपाईनेच दुखापती होतात, मी पाहिलंय.

दर रविवारी संध्याकाळी मी प्रत्येकाला एक मेसेज करते. आधी मी विचारायचे, किती झाले? का नाही झाले? आता पहिला प्रश्न असतो, या आठवड्यात काय जमलं आणि ते कशामुळे जमलं? कशामुळेवर माझा डोळा असतो. बँकेतल्या मॅडमनी एकदा लिहिलं होतं, "गुरुवारचा रन झाला कारण बुधवारी रात्री कणीक भिजवून ठेवली." मग ती कणीक मी त्यांच्यासाठी केलेल्या प्लॅनमधे गेली, बुधवारच्या खान्यात, 'कणीक' असं लिहून. जुन्या एक्सेलमधे हा रंग नव्हता.

ध्येय बदलायचं का, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत जरा वेगळं आहे, बऱ्याच कोच लोकांना पटत नाही. मी ध्येय लहान करायला घाबरत नाही. दोन तासांच्या आत हाफ म्हणजे किलोमीटरला साधारण पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद, एकवीस किलोमीटर सलग, आणि मुंबईला जानेवारीतसुद्धा सूर्य वर आला की चिकचिक सुरू होते, वर पेडर रोडचा चढ. आज ५ किमीला चाळीस मिनिटं लागणाऱ्या माणसाला मी पाच महिन्यांत दोन तास कबूल करत नाही. पण तोंडावर 'जमणार नाही' पण म्हणत नाही, कारण मी कोण. मी विचारते, दोन तास कुठून आलं? नव्वद टक्के वेळा उत्तर असतं, ऑफिसातल्या अमुकने केलं. ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की माणूस स्वतःच जरा ओशाळतो आणि मग खरं काय हवंय ते बोलायला लागतो. कुणाला वजन, कुणाला झोप, एकाला तर फक्त आठवड्यातून तीन वेळा घरातून एकट्याने बाहेर पडायचं होतं. त्याला तसंच लिहून दिलं. त्याने पुढे हाफ केली की नाही मला माहीत नाही, पण अजून दिसतो टेकडीवर, एकटाच, कानात काही नसतं.

बाकी आमच्या बँकेतल्या मॅडमची हाफ झाली. दोन तास एकोणचाळीस. पेडर रोड चालत चढल्या, ठरवून, काकांच्या बीपसारखं. फिनिशला साहेब होते, एका हातात पाण्याची बाटली. मी म्हटलं, पाण्याचं खातं आता कायमचं यांच्याकडेच का? तर साहेब म्हणाले, "हो ना, मला आता मोटरच्या आवाजावरून टाकी किती भरली ते कळतं."

आणि ते नवे टीशर्टवाले. काल मंगळवार होता. सकाळी पाच चाळीसला त्यांची व्हॉइस नोट आली. अगदी कुजबुजत बोलत होते, मागे मिक्सर चालू, मधेच कुकरची शिट्टी. "ताई, बघितलं. बायको साडेपाचला उठून दोन डबे करते. मुलीची स्कूल बस सहा पन्नासला. मुलगी उठत नाही, तिला उठवायला पंधरा मिनिटं जातात. दूध मीच आणायचं असतं म्हणे, मला माहीतच नव्हतं, रोज तीच आणते." मग जरा वेळ नुसता मिक्सर. "आत्ता दूध आणायला चाललोय. डेअरीपर्यंत पळत गेलो तर चालेल का?"